गॅस्ट्रिक बँडनंतर न सोसणारे खानदेशी पदार्थ

गॅस्ट्रिक बँड म्हणजे लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या भागाभोवती बसवला जाणारा सिलिकॉनचा पट्टा. यात जठर किंवा आतडे कापले जात नाही. पट्ट्याच्या वर १५ ते ३० मिलिलिटरची, म्हणजे एक-दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी तयार होते आणि अन्नाला खाली उतरायला अरुंद वाट उरते. कातडीखाली बसवलेल्या, पट्ट्याला नळीने जोडलेल्या छोट्या डबीतून (पोर्टमधून) सुईने सलाइन भरले की ही वाट आवळते, काढून घेतले की सैल होते. कमी-जास्त करता येणारा असा पट्टा लुबोमीर कुझमाक यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत पुढे आणला. दुर्बिणीतून तो बसवण्याची सुरुवात १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये झाली. पुढे जठराचा मोठा भाग कापून काढणारी स्लीव्ह शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर बँडचे प्रमाण बरेच घटले. मात्र पूर्वी बँड बसवलेले लोक आजही त्याच्यासह जेवतात, आणि त्यांचे ताट हाच या नोंदीचा विषय आहे.

न सोसणारा पदार्थ म्हणजे या वाटेतून न उतरणारा पदार्थ. त्याचा पचनशक्तीशी फारसा संबंध नाही. आपल्याकडे अन्नाची ‘हलके’ आणि ‘जड’ अशी जी विभागणी घरोघरी चालते, ती इथे उपयोगी पडत नाही. उडदाची डाळ जड समजली जाते, पण घोटलेली उडदाची आमटी बँडमधून सहज उतरते. आजाऱ्याला ‘हलकी’ म्हणून दिलेली मऊ गव्हाची पोळी मात्र हमखास अडकते. चावल्यावर घासाची पातळसर लापशी होते की चिकट गोळा, एवढेच पाहायचे असते.

गहू आणि ज्वारी-बाजरी यांतला फरक इथे कळतो. गव्हात ग्लुटेन असते, त्यामुळे ताजी, लुसलुशीत पोळी किंवा पाव चावता चावता पुन्हा कणकेचा गोळा होतो. खापरावरची पुरणपोळी, म्हणजे मांडे, यात आघाडीवर. कागदासारखे पातळ दिसले तरी लवचीक असतात. बाजरीच्या किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीत तो चिवटपणा नसतो. कोरडी भाकरी, विशेषतः सकाळची शिळी, घशाखाली टोचत जाते. तीच आमटीत कुस्करून दहा मिनिटे मुरू दिली तर पुष्कळांना चालते. भाकरी कुस्करून खाण्याची खानदेशी सवय या रुग्णांच्या फार कामाची आहे, आणि आहाराचा कागद लिहून देणाऱ्याने ती ध्यानात घ्यायला हवी. ‘चपाती २’ असे लिहिलेला कागद इथल्या माणसाला नीट उपयोगी पडत नाही.

वरण-बट्टीचे तसे नाही. जाडसर गव्हाच्या पिठाची बट्टी आधी उकडतात किंवा निखाऱ्यावर भाजतात, काही घरी नंतर तुपात तळतात. चुरून वरणात कालवली तरी तिचे कण वरण शोषून फुगतात आणि पिशवीत जाऊन जागा अडवतात. पंगतीत ती भराभर आणि आग्रहाने वाढली जाते, त्यामुळे बँड असलेल्या माणसाला सर्वांत जास्त त्रास भंडाऱ्याच्या आणि लग्नाच्या जेवणात होतो. एक घास वीस-तीस वेळा चावून अर्ध्या तासात जेवण संपवणाऱ्याची पंगत आधीच उठलेली असते. यजमानाला दोन शब्दांत सांगून ठेवणे आणि पानात फक्त वरण घेणे हा बहुतेकांना जमणारा मार्ग आहे.

भरिताची गोष्ट वेगळी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोठे, हिरवट-पांढरे, कमी बियांचे हे वांगे कापसाच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचले की गर इतका मऊ होतो की बँडसाठीच केल्यासारखा वाटावा. अडचण त्यात घातलेल्या जिनसांची आहे. अख्खे शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याच्या पातीचे तंतू आणि मिरचीची साल हे सारे वाटेत अडकते. गर आणि कूट केलेले दाणे एवढेच आपल्या वाटीत बाजूला काढून घ्यावे. हिवाळ्यातल्या शेतावरच्या भरीत पार्टीला जाऊन न जेवता परतण्याची वेळ मग येत नाही.

शेवभाजीतली शेव रश्शात भिजून मऊ होते, त्यामुळे ती अडकते कमी. तर्रीचे तेल आणि तिखट मात्र छातीत जळजळ वाढवतात. डुबुकवडे, म्हणजे रश्शात सोडलेले बेसनाचे गोळे, लहान आणि मऊ असतील तर उतरतात. वाटलेल्या डाळीचे वाफवलेले फुणके कोरडे भुसभुशीत असतात, ते कढीत पूर्ण विरघळवूनच घ्यावेत. पाटवडीची वडी घट्ट झाली तर रबरासारखी वागते. भात चिकटून गोळा होतो, आसट खिचडी बरी. मटणाचे तुकडे आणि कोंबडीचा कोरडा भाग अनेकांना कायमचा सोडावा लागतो, तरी रश्शातला खिमा आणि मासे चालू शकतात. गवार, शेवग्याच्या शेंगा, मेथीचे देठ, मेहरूणच्या बोरांची साल, संत्र्याच्या फोडीवरचे पातळ आवरण, लाह्या ही तंतुमय किंवा न विरघळणारी मंडळी टाळलेली बरी. सोड्यासारखी फसफसणारी पेयेही छोट्या पिशवीला सोसत नाहीत.

उलट, जे सर्वांत सहज उतरते तेच वजनाला घातक ठरते. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आमरस, आइस्क्रीम, गुलाबजामाचा पाक, तोंडात विरघळणारे केळीचे वेफर्स यांना बँड अडवत नाही. भाकरी-भाजी अडकते म्हणून माणूस या पदार्थांकडे वळतो आणि शस्त्रक्रिया होऊनही वजन उतरत नाही. हा रुग्णाचा हावरटपणा नव्हे. अनेकदा बँड गरजेपेक्षा जास्त आवळलेला असल्याची ती खूण असते.

घास अडकला की छातीच्या मधोमध दाब येतो, उचक्या लागतात, तोंडात दाट लाळ भरते, आणि थोड्या वेळाने घास फेसासह परत येतो. तो आंबट लागत नाही, कारण जठरातल्या आम्लापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो. अशा वेळी ‘पाणी पी, खाली जाईल’ हा घरातला पहिला सल्ला चुकीचा आहे. पाणी अडकलेल्या घासावर साचते आणि कळ वाढते. खाणे थांबवावे, उभे राहावे, हळू चालावे. एरवीही जेवताना पाणी न पिणे आणि जेवणानंतर अर्धा तास थांबणे हा नियम असतो. बँड सकाळी अधिक घट्ट जाणवतो, मासिक पाळीच्या किंवा ताणाच्या दिवसांतही तसेच होते. म्हणून काल चाललेली वस्तू आज अडकू शकते. दात पडलेले किंवा कवळी सैल असलेल्यांना साधी भाकरीही जड जाते. मोठ्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे. काही औषधे पातळ स्वरूपात मिळतात, पण प्रत्येक गोळी कुटून चालत नाही.

सतत ओकाऱ्या होत असतील तर बँड जागेवरून सरकू शकतो आणि शरीरात बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन नसांना इजा होऊ शकते. पाणी किंवा स्वतःची लाळही उतरेनाशी झाली तर बँड त्याच दिवशी सैल करावा लागतो. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असेल तर जळगावहून तिथवर रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटरचा प्रवास आहे. म्हणून पोर्टमधून सलाइन काढू शकणारा जवळचा सर्जन आधीच शोधून ठेवावा आणि बँडचा प्रकार व भरलेल्या सलाइनचे प्रमाण लिहिलेला कागद पाकिटात बाळगावा.