मातीच्या बैलांचा बेंदूर

आषाढी एकादशी सरली की साताऱ्या-सांगलीच्या बाजारात पोत्यावर, हातगाडीवर मातीचे बैल मांडलेले दिसतात. विकायचे ते जोडीनेच. सुटा बैल कोणी मागत नाही, मागितला तरी कुंभारीण देत नाही. घरात रान नाही, गोठा नाही, दोन पिढ्यांत कोणी कासरा धरलेला नाही, तरी बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, पाटावर बैलजोडी लागतेच. आणि जोडी निवडायचा मान घरातल्या सगळ्यात लहान पोराचा.

बैलांचा सण म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला श्रावणी अमावास्येचा पोळा आठवतो. आपल्याकडे तो दीड महिना आधी येतो, आणि त्याचं नाव बेंदूर. त्यातही दोन प्रकार. कॅलेंडरवर ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे वटपौर्णिमेच्याच चौकोनात, 'कर्नाटकी बेंदूर' छापलेला असतो. कन्नड मुलखातली कार हुण्णिमे ती हीच. जत, मिरज या सीमेलगतच्या पट्ट्यात हा बेंदूर पाळणारी गावं आहेत. 'महाराष्ट्रीय बेंदूर' त्यानंतर आषाढात. ज्याचं घर वाळव्याकडे आणि आजोळ जतकडे, त्या पोराला पुरणपोळीचे दोन बेंदूर मिळायचे. असं नशीब माझ्या वर्गातल्या एकाच्या वाट्याला होतं आणि आम्ही बाकीचे त्याच्यावर जळायचो.

आषाढातच का, याचं उत्तर शेतात आहे. मृगात, आर्द्रात पेरा उरकला, पेरणीची पाभर उतरवून ठेवली, तण काढायच्या कोळपणीला अजून अवकाश आहे, अशा मधल्या मोकळ्या दिवसांत हा सण पडतो. जू उतरलेलं असतं, पण खांदा अजून सुजलेला असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी खांदमळणी. कोमट तेल-हळदीने बैलाचा खांदा चोळायचा. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर अंघोळ, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, टोकांना पितळी शेंब्या, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. शिंगांत कडबोळी अडकवायची. ती पळवायला टपलेली पोरं वाड्याच्या दारातच उभी असत. संध्याकाळी वेशीत पानं बांधलेली दोरी ताणून 'कर' तोडायचा, त्यात पहिला मान कुणाचा यावरून मोठी माणसंही भांडत. सणाचा हा भाग पुरुषांचा, रस्त्यावरचा. पोरं फक्त मागून धावणारी.

पोरांचा आणि बायकांचा बेंदूर घरात असे, पाटावर. तो कुंभाराकडून यायचा. कुंभार बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभराची मडकी-घागरी, संक्रांतीची सुगडं आणि बेंदराचे बैल ही त्याच्या कामातच धरलेली. तो घरोघर बैल पोचवी, घरधनीण सुपातून धान्य आणि वर पोळी घाली. पैशाचा संबंध नाही. 1958 च्या कायद्याने गावकामगारांची कनिष्ठ वतनं गेली, आणि बलुतं तर त्याआधीपासूनच ढिलं होत चाललं होतं. रोख मजुरी आली, ॲल्युमिनियमची भांडी आली, सुपातलं धान्य बंद झालं. बैल मात्र बंद झाले नाहीत, ते गल्लीतून बाजारात आले.

खऱ्या बैलाची गोष्ट जास्त वाकडी आहे. यंत्राने बैल घालवला असं आपण सरसकट म्हणतो. पण या भागात आलेल्या पहिल्या मोठ्या यंत्राने बैलाचं महत्त्व उलट वाढवलं होतं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना उभा केला. जागा दिली ती औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. तिथे लोखंडी नांगर बनू लागला. लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची शंका जायला वेळ लागला, पण एकदा गेल्यावर कृष्णाकाठच्या काळ्या रानात नांगर खोल जाऊ लागला. आणि खोल नांगर ओढायला एक जोडी पुरत नाही. दोन-दोन, तीन-तीन जोड्या जुंपायच्या. माणदेशी खिलार ही दुष्काळी माळावरची चपळ, पांढरी जात. आटपाडी-जतच्या गोठ्यातून ती खाली कृष्णाकाठी यायची, बाजार भरायचा तो खरसुंडीला, पुसेगावला, देवाच्या यात्रेतच. पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाच्या गाड्यांनी बैलाला आणखी काही दशकं काम दिलं.

उतरण त्यानंतरची. 1972 च्या दुष्काळात वैरणच नाही म्हणून दावणी रिकाम्या झाल्या. मग वाटण्या झाल्या, रानं लहान झाली. दोन एकरांसाठी वर्षभर जोडी पोसण्यापेक्षा तासावर ट्रॅक्टर सांगणं परवडू लागलं. हौसेचा बैल शर्यतीसाठी उरला होता, तर मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यतीही थांबल्या. त्या डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाल्या, मे 2023 मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. आज दारात दिसणारी जोडी बहुतेक शर्यतीची असते. तिला खांदमळणी होते, पण तिचा खांदा नांगराने सुजलेला नसतो.

म्हणजे रस्त्यावरचा बेंदूर आटत गेला आणि पाटावरचा राहिला. आधी ज्याच्या दावणीला बैल नाही त्याची सोय म्हणून, किंवा पोरांचं मन राखायला म्हणून असलेली मातीची जोडीच आता बहुतेक घरांत अख्खा सण झाली आहे. हळद-कुंकू तिलाच, पुरणाचा घास तिच्याच तोंडाला. काही घरांत शेजारी खेळण्यातला ट्रॅक्टरही मांडतात. आजी आधी कुरकुरते, मग त्यालाही कुंकू लावते.

बेंदरापासून पोरांचं मातीचं वर्षच सुरू होतं. नागपंचमीचा नाग, गोकुळाष्टमीचं गोकुळ, गणपती, घटाची माती आणि शेवटी दिवाळीचा किल्ला. चार-पाच महिने नखांत माती. यातला किल्ला पोरं स्वतः करतात, गणपती मोठ्यांच्या हातात असतो. बैल मात्र पूजेचे असून दुसऱ्या दिवशी खेळायला मिळतात. एवढी सवलत दुसऱ्या कुठल्या देवाला आमच्या घरी नव्हती.

अर्थात ते टिकत नसत. ही माती भट्टीत जात नाही. आषाढात उन्हाची खात्री नाही, भट्टी पेटवणं अवघड, म्हणून बैल चुलीच्या उबेला नाहीतर वळचणीखाली वाळवलेले, कच्चेच. पहिल्या दिवशी शिंग जायचं, दुसऱ्या दिवशी पाय. आजी कणकेने चिकटवायची, ती कणीक मुंग्या न्यायच्या. नागपंचमीच्या आत उरलेलं धड तुळशीच्या कुंडीत ठेवलं जाई आणि श्रावणाच्या सरींत तिथेच विरघळे. जुन्या घरात पितळेचे देव सापडतात, सागवानी पाट सापडतो, शेंब्यासुद्धा सापडतात. मागच्या वर्षीचा मातीचा बैल कुठल्याच घरात सापडत नाही.