'झेपेल तेवढंच दुःख देव देतो' हे बायबलमध्ये आहे का?

नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली, तेव्हाही कोल्हापुरात हे वाक्य ऐकलं. चिखल उपसणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगत होतं, "देव झेपेल तेवढंच देतो, बायबलातच आहे." सांगणाऱ्याचं मन चांगलं होतं, संदर्भ मात्र चुकला.

हे वाक्य आलंय १ करिंथ १०:१३ वरून, म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला (ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या वचनावरून. परीक्षा शक्तीपलीकडे होऊ दिली जाणार नाही, असं पौल तिथे लिहितो. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'परीक्षा' तसाच 'मोह'ही होतो आणि आजूबाजूला विषय चाललाय मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांचा. लगेच पुढच्याच वचनात 'मूर्तिपूजेपासून दूर पळा' आहे. म्हणजे मोहातून बाहेर पडायची वाट देव ठेवतो, एवढंच आश्वासन. आणि तेही एकट्यादुकट्याला नाही, अख्ख्या मंडळीला. कॅन्सर, कर्ज, पूर यांचं माप तिथे कुणी काढलेलं नाही.

उलट त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, २ करिंथ १:८ मध्ये, तोच पौल सांगतो, की आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा सुटली. झेपलं नाही, असं प्रेषितच कबूल करतो! आणि पुढे म्हणतो, हे घडलं ते स्वतःवर नव्हे, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून.

मग पूरग्रस्ताला काय सांगावं? बायबलमधल्या यशया या पुस्तकातलं ४३:२ हे वचन आहे ना. पाणी येणारच नाही, असं तिथे म्हटलेलं नाही; पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, असं आहे. आणि हे सांगताना हातात खराटा असला, तर आणखी बरं.