डोळा, बोट आणि मेंदूचा हिशेब

रबरी हातावर हातोडा उगारताच दचकणाऱ्या माणसाची चित्रफीत पाहिली की ‘मेंदूला फसवणे किती सोपे!’ असा शेरा हमखास ऐकू येतो. मला तो पटत नाही, कारण त्या क्षणीही मेंदू आपला नेहमीचाच हिशेब करत असतो.

मूळ प्रयोग मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. खरा हात पडद्याआड, रबरी हात डोळ्यांसमोर आणि दोन्हींवर एकाच वेळी, एकाच जागी फिरणारे कुंचले, एवढीच त्याची मांडणी होती. काही वेळाने रबरी हात आपलाच आहे, असे सहभागी व्यक्तींना वाटू लागले. डोळे मिटून लपलेल्या हाताची जागा दाखवायला सांगितल्यावर त्यांचे बोट रबरी हाताकडे सरकले. दोन्ही कुंचल्यांची लय जुळेनाशी झाली, की हा भास ओसरतो. दिसणे आणि जाणवणे एकाच क्षणी घडले तरच त्यांचे कारण एक, असे मेंदू धरून चालतो.

यावरून दृष्टी स्पर्शावर नेहमीच मात करते, असे समजू नये. १९६४ मध्ये रॉक आणि व्हिक्टर यांना तसे आढळले होते खरे: रुंदी आक्रसून दाखवणाऱ्या भिंगातून पाहत चौरस वस्तू चाचपणाऱ्यांना ती बोटांनाही आयताकृतीच लागली. परंतु २००२ मध्ये मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी एका उंचवट्याची उंची डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखायला लावली, दृश्य हळूहळू अस्पष्ट करत नेले, आणि निर्णयाचे पारडे स्पर्शाकडे झुकत गेले.

यामागचे गणित मला फार आवडते. प्रत्येक इंद्रियाच्या अंदाजात काही चूक असते आणि त्या अंदाजाला मिळणारे वजन त्या चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे चूक जितकी मोठी तितके वजन कमी. समजा, डोळा उंची ५४ मिलिमीटर सांगतो व त्याची सरासरी चूक १ मिलिमीटर आहे. बोटे ५७ सांगतात व त्यांची चूक २ मिलिमीटर आहे. चुकींचे वर्ग १ आणि ४, म्हणून वजने चार पंचमांश आणि एक पंचमांश, आणि एकत्रित उत्तर ५४.६. या उत्तरातील चूक सुमारे ०.९ मिलिमीटर, म्हणजे एकट्या डोळ्याच्या चुकीपेक्षाही कमी! अर्न्स्ट आणि बँक्स यांच्या प्रयोगातील माणसांचे निर्णय या सूत्राने वर्तवलेल्या आकड्यांच्या अगदी जवळ आले, आणि त्यांच्यापैकी कोणीही मनात वर्ग काढत बसले नव्हते.

या नेटक्या हिशेबाला एक जुना भास मात्र जुमानत नाही. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला जड लागते, हे शार्पांतिए यांनी १८९१ मध्ये नोंदवले. लहान वस्तू हलकी असेल ही डोळ्यांनी दिलेली अपेक्षा हिशेबात मिसळली असती, तर ती हलकीच वाटायला हवी होती; घडते नेमके उलट. त्याहून गमतीची बाब २००० मध्ये फ्लॅनगन आणि बेल्टझ्नर यांनी दाखवली: पुन्हा पुन्हा उचलल्यावर बोटे दोन्ही वस्तूंना योग्य तेवढाच जोर लावायला शिकतात, पण लहान वस्तू जड वाटणे काही थांबत नाही.