पुणे रेल्वे स्थानक : वाहतुकीचा सांधा

पुणे रेल्वे स्थानक हे मध्य रेल्वेच्या पुणे विभागाचे मुख्य स्थानक. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते लोहमार्गाने १९२ किलोमीटरवर आहे. येथे सहा फलाट आहेत. लोणावळ्याकडून येणारा मार्ग पुढे दौंड, सोलापूरकडे जातो आणि घोरपडीजवळून मिरज-कोल्हापूरचा फाटा फुटतो. पुणेकर या जागेला नुसते ‘स्टेशन’ म्हणतात. ‘स्टेशनला जायचंय’ म्हटल्यावर रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. स्थानक पीएमपी (शहराची बससेवा), एसटी, रिक्षा आणि मेट्रो यांना कसे जोडले गेले, हा जोड कुठे निसटतो आणि तो पक्का कसा करता येईल, हा या नोंदीचा विषय आहे.

पुण्याला समुद्र नाही, पण स्थानकाचा जन्म बंदरापायी झाला. स्थानकाजवळच्या चौकाला आजही मालधक्का चौक म्हणतात. धक्का म्हणजे जहाजे लागण्याची जागा. मुंबईतला भाऊचा धक्का सर्वांना ठाऊक आहे. तोच शब्द रेल्वेच्या मालासाठी घाटावर आला आणि रुळला. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात उतरवायचा, तर वाटेत बोरघाट आडवा येत होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा भाग सुरू केला तेव्हा घाटाचे काम अर्धवटच होते. मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीतून किंवा तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरे. घाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि ही चढउतार संपली. पुण्याच्या रेल्वेप्रवासाची पहिली पाच वर्षे अशी मधेच तुटलेल्या वाटेची होती. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. वर येणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात, ती यामुळेच.

स्थानकाची जागा पेठांच्या सोयीने ठरली नाही. शनिवारवाड्याभोवतीचे जुने शहर एका अंगाला राहिले आणि रूळ लष्कराच्या छावणीला जवळ पडतील असे गेले. त्यामुळे सुरुवातीपासूनच गाडीतून उतरल्यावर गावात जायला दुसरे वाहन लागायचे. टांगा गेला, रिक्षा आली, एवढाच फरक. सध्याची दगडी इमारत १९२५ ची आहे. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली आणि मुंबईला सकाळी जाऊन रात्री परतणारा पासधारक पुणेकर ही एक वेगळी जात तयार झाली. १९७८ पासून लोणावळा लोकल आहे. तळेगाव, देहूरोड, चिंचवडच्या कामगारांची आणि विद्यार्थ्यांची ती रोजची गाडी.

स्थानकाची खरी अडचण त्याच्या रचनेत आहे. इमारतीचे तोंड दक्षिणेला, ससून रुग्णालयाच्या अंगाला आहे. पीएमपीचा थांबा, एसटीचे पुणे स्टेशन बसस्थानक, दादरच्या बस, मुंबईच्या टॅक्सी, रिक्षांची रांग, सगळे याच बाजूला दाटले. उत्तरेकडची राजा बहादूर मिल आणि ताडीवाला रोडची बाजू ही कायम स्थानकाची पाठ मानली गेली. मेट्रोची वनाज–रामवाडी मार्गिका मात्र नेमकी याच पाठीमागच्या बाजूने गेली आणि १ ऑगस्ट २०२३ रोजी तिथले मेट्रो स्थानक सुरू झाले. शहराच्या वाहतुकीतला हा मोठा बदल आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून पिंपरी-चिंचवडला जाता येते आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटलाही. पादचारी पुलाने फलाट आणि मेट्रो एकमेकांना जोडले आहेत.

हा जोड कागदावर काही मिनिटांचा आहे. हातात दोन बॅगा, कडेवर मूल आणि बरोबर गुडघे दुखणारी आई असली की तोच जोड लांब होतो. फलाट एकवर उतरलेल्या माणसाला आधी पुलाचा जिना चढायचा असतो, मग सगळे रूळ ओलांडायचे असतात. त्याच वेळी दुसऱ्या गाडीची घोषणा झाली, तर समोरून लोंढा येतो. जिन्याच्या पायऱ्यांवर बॅग एकेक पायरी आपटत नेणारी माणसे रोज दिसतात. दक्षिणेच्या मुख्य दाराने बाहेर पडणाऱ्याला दारातच ‘कुठं जायचंय काका?’ म्हणत चारजण गाठतात. मीटरने येणारा रिक्षावाला किंवा बसथांबा शोधायला त्यांना ओलांडूनच जावे लागते. अशा वेळी घाईतला माणूस सरळ जातो तो पहिल्या मिळेल त्या रिक्षात, आणि मेट्रोचे तिकीट तसेच राहते.

म्हणून स्थानक सुधारणे म्हणजे नवी इमारत उभारणे, ही समजूत अपुरी आहे. एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जाताना किती पावले पडतात, किती पायऱ्या चढाव्या लागतात, वाटेत किती वेळा विचारावे लागते, यावर स्थानकाचे मोल ठरते. त्या दृष्टीने उत्तरेची बाजू पाठ न राहता दुसरे पूर्ण दार व्हायला हवी : तिकीट खिडकी, रिक्षाथांबा आणि पीएमपीचा थांबा तिथेही हवा. प्रत्येक फलाटावरून पुलाशी लिफ्ट आणि सरकते जिने पोचायला हवेत. बसची आणि मेट्रोची पाटी फलाटावरच हवी, बाहेर पडल्यावर नव्हे. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवांचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये पीएमपीएमएल, म्हणजे आजची पीएमपी, झाली, तेव्हा दोन्ही शहरांच्या बस एका छत्राखाली आल्या. थांबे मात्र अजूनही रस्त्याकडे पाहून ठरतात, गाडीच्या वेळेकडे पाहून नाही.

बंदराच्या शहरांनी हे कोडे आधी सोडवले आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅमचे मुख्य स्थानक १३ मार्च २०१४ रोजी नव्याने खुले झाले. तिथे मोटारींचा मोठा रस्ता बोगद्यात घातला, वाहनतळ जमिनीखाली नेला, स्थानकासमोरचा चौक पायी चालणाऱ्यांना मोकळा केला आणि सायकलींसाठी पाच हजारांवर जागा केल्या. मेट्रो, ट्राम आणि रेल्वे यांच्यातले चालणे त्यामुळे सोपे झाले. पुण्यात ट्राम नाही आणि रॉटरडॅमची माणसे आपल्याइतके सामान घेऊन निघत नाहीत. पण रिक्षा आणि खासगी मोटारी दारातून थोड्या मागे सारून पायी माणसाला पुढची जागा देणे इथेही जमण्यासारखे आहे. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, हे इथे आवर्जून सांगायला हवे.

सगळा भार एकाच स्थानकावर नको, म्हणून शिवाजीनगर, खडकी आणि हडपसर वाढवण्याकडे कल आहे. हडपसरहून काही लांब पल्ल्याच्या गाड्या सुटूही लागल्या आहेत. मुख्य स्थानकाचे सगळे फलाट लांब गाड्यांना पुरत नाहीत. यार्डाची फेररचना झाल्याशिवाय नव्या गाड्यांना जागा मिळणे कठीण आहे आणि हे काम वर्षानुवर्षे चर्चेत आहे. मात्र गाडी हडपसरला हलवताना तिच्या मागोमाग बसही हलली पाहिजे. शिवाजीनगरचा अनुभव ताजा आहे : मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस तिथले एसटी स्थानक वाकडेवाडीला गेले, आणि रेल्वेतून उतरून चालत एसटी धरणाऱ्या नाशिक-नगरच्या प्रवाशाची ती सोय गेली. आता त्या रेल्वे स्थानकाजवळ मेट्रो आहे, पण एसटी धरायला सामान घेऊन वेगळे वाहन करावे लागते.

रात्रीचा प्रश्न अजून वेगळा आहे. लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या पुण्याला मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे पोचतात आणि मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. मधल्या वेळात मुख्य दाराबाहेर पथाऱ्या पसरून, बॅगांना टेकून बसलेली कुटुंबे असतात : कुणी सोलापूरहून ससूनमध्ये रुग्ण दाखवायला आलेले, कुणी परीक्षेला आलेले. पहिली पीएमपी लागली की त्यातली निम्मी माणसे उठतात. उरलेली पहिल्या मेट्रोसाठी पुन्हा तोच जिना चढून पलीकडच्या बाजूला जातात.