‘ल्यूसिल’ ही एकच गिटार नव्हती

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतप्रकारातला गिटारवादक बी. बी. किंगने आगीतून वाचवलेली ‘ल्यूसिल’ ही गिटारच जन्मभर वाजवली, हे कितीदा ऐकलंय! आग खरी. १९४९ साली आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी, नाचाच्या हॉलमध्ये मारामारीत पेटतं रॉकेलचं पिंप कलंडलं. गिटार आणायला किंग पुन्हा आत धावला. भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं, हे मागाहून कळलं. असा वेडेपणा पुन्हा नको, म्हणून गिटारला तेच नाव. पुढे मात्र हे नाव गिब्सन कंपनीच्या एकेका नव्या गिटारकडे जात राहिलं. १९८० च्या ‘ल्यूसिल’ला तर फीडबॅक (स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारा घूं-आवाज) टाळण्यासाठी अंगावरची एफ-आकाराची भोकंच नाहीत. आणि किंगचा तो ओळखीचा थरथरता सूर गिटारमुळे नव्हेच. नात्यातल्या बुक्का व्हाइट या ब्लूज गिटारवादकासारखी स्लाइड (तारेवरून नळी सरकवत वाजवणं) जमेना, म्हणून किंगने तारेवर बोट रोवून हात हलवायला सुरुवात केली.