चार्म कणांतील विषमता आणि फरक मोजण्याचा निर्णय

द्रव्य आणि प्रतिद्रव्य (तेच कण, पण उलट विद्युतभाराचे) यांच्या विघटनातील तफावत, म्हणजेच विषमता, केऑनमध्ये 1964 साली आणि बी-मेसॉनमध्ये 2001 साली दिसली. हे दोन्ही मेसॉन, म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून बनलेले अल्पायुषी कण आहेत. क्वार्क या मूलकणांपैकी चार्म हा 1974 साली सापडला, तरी त्याच्या बाबतीत ही तफावत ठामपणे दिसायला 2019 साल उजाडावे लागले. विलंबाचे मुख्य कारण असे, की प्रमाणित प्रतिमानानुसार (मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धान्तानुसार) चार्मच्या वाट्याला येणारी तफावत हजारात एक किंवा त्याहूनही कमी होती. तरीही शोध सोडला गेला नाही, कारण केऑन आणि बी-मेसॉन यांतील तफावत खालच्या जातीच्या (डाउन, स्ट्रेंज, बॉटम) क्वार्कची असून, वरच्या जातीत (अप, चार्म, टॉप) मेसॉन बनवून हा तपास करू देणारा जड क्वार्क चार्म हा एकटाच आहे. टॉप क्वार्क मेसॉन बनण्याआधीच विघटित होतो. चार्म क्वार्क असलेला विद्युतभाररहित डी-मेसॉन आपल्याच प्रतिकणात रूपांतरित होतो, याचा पुरावा 2007 साली जपान आणि अमेरिकेतील प्रयोगांनी दिला. त्यानंतर सगळ्यांचे लक्ष जिनीव्हाजवळील, प्रोटॉनांची टक्कर घडवणाऱ्या एलएचसी यंत्रावरच्या एलएचसीबी प्रयोगाकडे लागले.

पुढच्या वादाचे मूळ तेथील एका निर्णयात आहे. डी-मेसॉन दोन केऑनमध्ये विघटित होतो तेव्हाची विषमता आणि दोन पायॉनमध्ये (केऑनहून हलक्या मेसॉनमध्ये) विघटित होतो तेव्हाची विषमता स्वतंत्रपणे जाहीर न करता, फक्त त्या दोहोंतील फरक जाहीर करावा, असे ठरले. प्रोटॉनच्या टकरीत कण आणि प्रतिकण मुळातच सारख्या संख्येने जन्मत नाहीत. शिवाय, जन्मलेला मेसॉन कण होता की प्रतिकण, हे सोबत निघालेल्या मंद पायॉनच्या भारावरून ओळखले जाते, आणि धन व ऋण पायॉन टिपण्यात उपकरणही किंचित पक्षपात करते. हे दोन्ही दोष दोन्ही विघटनांत जवळजवळ सारखेच असल्याने वजाबाकीत निघून जातात.

लातूरच्या मोंढ्यात ज्याने माल मोजताना पाहिला आहे, त्याला ही युक्ती नवी वाटणार नाही. रिकाम्या भांड्याने पारडे एका बाजूला कलत असेल, तर दुसऱ्या पारड्यात दगड टाकून आधी धडा करतात, म्हणजे पारडी समतोल करतात, आणि मगच माल ओततात. जिथे धडा करायची सोय नाही आणि काटा मारलेला असल्याचा संशय आहे, तिथे जाणता शेतकरी तुरीची दोन पोती त्याच काट्यावर लागोपाठ चढवायला लावतो. कोणते पोते किती किलोने जड हे खरे कळते, पण एकेका पोत्याचे वजन अंधारातच राहते. फरक मोजण्याच्या निर्णयाचे बळ आणि त्याची अडचण, दोन्ही नेमकी हीच आहेत, आणि पहिल्या बाजूचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा दुसऱ्या बाजूचा झाला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

डी-मेसॉनच्या केऑनमधील सुमारे 14 लाख विघटनांची पायॉनमधील विघटनांशी तुलना करून 2011 साली हा फरक उणे 0.82 टक्के निघाला आणि त्याची खात्री 3.5 सिग्मा होती. आकडा निव्वळ योगायोगाचा नसल्याची खात्री सिग्मात मोजतात; सिग्मा जितके जास्त, तितकी खात्री पक्की. त्यासाठी ‘पुरावा’ हा शब्द वापरला गेला. या क्षेत्रात 3 सिग्माला पुरावा आणि 5 सिग्माला शोध म्हणण्याचा रिवाज आहे. हा आकडा अपेक्षेच्या कितीतरी पट मोठा असल्याने नव्या भौतिकशास्त्राची भाषा लगेच सुरू झाली. 2012 साली अमेरिकेतील एका प्रयोगाने त्याला दुजोरा दिला, पण पुढल्याच वर्षी, सोबत निघालेल्या म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण जड कणाच्या) भारावरून मेसॉन ओळखण्याच्या वेगळ्या पद्धतीने, जिनीव्हाजवळच्याच प्रयोगाला अधिक 0.49 टक्के, म्हणजे उलट चिन्हाचा आकडा मिळाला. 2016 पर्यंत फरक उणे 0.10 टक्क्यापर्यंत खाली आला आणि मूळ पुरावा विरून गेला. एवढा मोठा आकडा प्रमाणित प्रतिमानात बसवणारी गणिते दरम्यान कागदावर आलीच होती, हे सिद्धान्तकारांच्या सोयीचे होते, एवढेच येथे नोंदवतो.

मार्च 2019 मध्ये सुमारे 4 कोटी 40 लाख केऑन-विघटने आणि 1 कोटी 40 लाख पायॉन-विघटने, त्यांच्या जोडीला म्यूऑनवरून ओळखलेली विघटने आणि आधीच्या वर्षांचे निष्कर्ष, असे सगळे एकत्र करून फरक उणे 0.154 टक्के आणि खात्री 5.3 सिग्मा असल्याचे जाहीर झाले. शोध लागला, पण पोत्यांचे वजन अजून कळले नव्हते.

ते 2022 साली काही अंशी कळले. केऑन-विघटनातील विषमता त्याच प्रयोगाने स्वतंत्रपणे मोजली, तेव्हा ती शून्याशी सुसंगत निघाली, आणि पायॉन-विघटनाकडे सुमारे 0.23 टक्के विषमता 3.8 सिग्मा खात्रीने उरली. पायॉनमधला डाउन आणि केऑनमधला स्ट्रेंज हे क्वार्क जवळपास समान मानले, तर या दोन विषमता सारख्या आकाराच्या आणि विरुद्ध चिन्हांच्या असायला हव्या होत्या. वजाबाकीमुळे परिणाम मोठा दिसेल ही अपेक्षाही त्यावरच बेतलेली होती. प्रत्यक्षात दोन्हींचे मध्यमान एकाच चिन्हाचे आहे, आणि समान मानण्याचे ते गृहीतक सुमारे 2.7 सिग्माने ढळते.