उंच उडी : तंत्र-प्रशिक्षण व शक्तिसराव

उंच उडीत खेळाडू धावत येतो, एका पायावर उसळी घेतो आणि खांबांवर टेकवलेली आडवी दांडी न पाडता ओलांडतो. या प्रकाराच्या प्रशिक्षणात रन-अप (धावत येणे), टेक-ऑफ (जमीन सोडतानाची उसळी), दांडीवरील हालचाल आणि त्यांना पेलणारी शक्ती यांचा समावेश होतो. प्रेक्षकांची नजर दांडीवर होणाऱ्या पाठीच्या कमानीवर असते. प्रशिक्षकाची नजर मात्र शेवटच्या पाच पावलांवर हवी. पाय जमिनीवरून सुटला की शरीराच्या गुरुत्वमध्याचा, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले आहे असे मानतात त्या बिंदूचा, मार्ग ठरलेला असतो. हवेत हातपाय कसेही हलवले तरी तो बदलत नाही. त्या मार्गाभोवती शरीराची मांडणी तेवढी बदलता येते.

जमीन सोडताना वर जाण्याचा वेग सेकंदाला ४.५ मीटर असेल, तर गुरुत्वमध्य त्या क्षणाच्या उंचीपेक्षा सुमारे १.०३ मीटर वर चढतो. मुळात गुरुत्वमध्य जितका वर तितके बरे, म्हणून उंच व लांब पायांच्या खेळाडूला उपजत फायदा असतो. पण तेवढ्यावर निवड करणे चुकीचे. स्वीडनचा उंच उडीपटू स्टेफान होल्म १.८१ मीटर उंचीचा असून २००५ मध्ये त्याने २.४० मीटर पार केले, १.७३ मीटर उंचीच्या अमेरिकेच्या फ्रँकलिन जेकब्सने १९७८ मध्ये २.३२ मीटर. दोघांनीही स्वतःच्या डोक्यापेक्षा ५९ सेंटिमीटर वर दांडी ओलांडली.

कात्री (एकामागून एक पाय दांडीवरून टाकणे), वेस्टर्न रोल (कुशीवर दांडी ओलांडणे) आणि स्ट्रॅडल (पोट दांडीकडे ठेवून ओलांडणे) या पद्धती मागे पडून आज सर्वत्र फॉस्बरी फ्लॉप, म्हणजे पाठ दांडीकडे करून मारायची उडी, शिकवली जाते. अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. जाड गादीमुळेच ती सुरक्षित आहे. वाळूच्या खड्ड्यावर फ्लॉप कधीही शिकवू नये. तिथे कात्री उडीपर्यंतच थांबावे.

रन-अप साधारणपणे ८ ते १२ पावलांचा आणि इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा असतो : आधी सरळ, शेवटची चार-पाच पावले वळणावर. डाव्या पायावर उसळी घेणारा खेळाडू दांडीकडे तोंड केले असता उजव्या बाजूने येतो, उजव्या पायाचा डावीकडून. सुरुवातीचे माप असे घ्यावे : जवळच्या खांबापासून दांडीच्या रेषेतच बाहेर ३ ते ४.५ मीटर, तेथून काटकोनात मागे १४ ते २० मीटर. नवख्यासाठी यातला कमी आकडा धरावा. दुसरी खूण वळण सुरू होते तिथे, म्हणजे शेवटून पाचव्या पावलावर करावी. वाऱ्याची दिशा किंवा मैदानाचा पृष्ठभाग बदलला की दोन्ही खुणा पुन्हा तपासाव्या लागतात.

वळण कशासाठी, हे खेळाडूला नीट समजावून सांगितले पाहिजे. वळणावर धावताना शरीर आपोआप आत, दांडीपासून दूर कलते. हा कल घोट्यापासून यायला हवा. कंबरेत वाकून आणलेला कल कामाचा नाही. टेक-ऑफच्या क्षणी शरीर या कलातून सरळ उभे होते आणि त्यातूनच दांडीभोवती फिरण्याची गती मिळते. वळण शेवटी सपाट झाले तर कल आधीच संपतो, फिरण्याची गती मिळत नाही आणि खेळाडू ती भरून काढण्यासाठी खांदा दांडीवर टाकतो. बहुतेक पडलेल्या दांड्यांचे मूळ इथे असते. उपाय म्हणजे सुमारे १० मीटर व्यासाच्या वर्तुळात धावणे, आठच्या आकड्यात धावणे आणि वळणावरून कात्री उड्या. कात्री उडी मारून खेळाडू गादीवर पायांवर उभा उतरला, तर उसळी वरच्या दिशेने झाली असे समजावे.

शेवटच्या आधीचे पाऊल किंचित लांब असते आणि त्यात कंबर थोडी खाली येते. शेवटचे पाऊल आखूड व झटपट पडते. पाय शरीराच्या पुढे, जवळजवळ सरळ गुडघ्याने टेकतो. त्याचा रोख गादीच्या पलीकडल्या मागच्या कोपऱ्याकडे हवा. पाऊल दांडीला समांतर वळले तर घोटा आत कोसळतो; ही चूक नुसती उडी बिघडवत नाही, अस्थिबंध फाडते. उसळीची जागा जवळच्या खांबाच्या थोडी आत आणि दांडीपासून ७० सेंमी ते १ मीटरच्या आसपास असते. वेग वाढला की ती आणखी मागे न्यावी लागते. मोकळ्या पायाची मांडी जमिनीला समांतर होईपर्यंत उचलून क्षणभर तिथेच ठेवायची.

दांडीवर आधी डोके व खांदे जातात, मग कंबर उचलली जाते, टाचा मांड्यांखाली ओढल्या जातात. कंबर पार झाली की हनुवटी छातीकडे आणि पाय सरळ वर. उतरणे खांद्यांवर व पाठीच्या वरच्या भागावर. गुडघे थोडे फाकलेले असावेत, नाहीतर ते तोंडावर आपटतात. मानेवर उतरणाऱ्याला दांडी काढून, उभ्याने मागे उडी मारण्यापासून पुन्हा शिकवावे.

दांडी कशाने पडली हे पाहून निदान करता येते. वर चढतानाच खांदा किंवा पाठ लागली तर उसळी फार जवळून झाली. खाली येताना नितंब लागले तर उडीचा माथा दांडीच्या अलीकडे येतो. म्हणजे उसळी दांडीपासून फार लांबून झाली. टाचा लागल्या तर पाय उशिरा उचलले, किंवा कमान फार लवकर केली. या शेवटच्या दोषावर नुसते 'पाय उचल' असे ओरडून फरक पडत नाही, हेही खरे.

शक्तिसरावाचे मुख्य काम टेकलेला पाय कोसळू न देणे हे आहे. पाय जमिनीवर सेकंदाच्या सुमारे ०.१४ ते ०.२ इतकाच वेळ असतो आणि त्यात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पेलतो. जड स्क्वॉटमध्ये जोर लावायला याहून बराच जास्त वेळ मिळतो. म्हणून केवळ स्क्वॉटचे आकडे वाढवून उडी वाढत नाही. पायाभरणीच्या काळात स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), स्टेप-अप (वजन घेऊन खोक्यावर चढणे), रोमानियन डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून वजन उचलणे), पोटरीचे व्यायाम ८ ते १० आवर्तनांचे ३ संच. पुढे जास्तीत जास्त पेलणाऱ्या वजनाच्या ८० ते ९० टक्क्यांवर ३ ते ५ आवर्तनांचे ४ संच आणि जोडीला पॉवर क्लीन (वजन जमिनीवरून झटक्यात खांद्यापर्यंत उचलणे). स्पर्धेच्या काळात आठवड्यातून एक-दोनदा, २-३ आवर्तनांचे २ संच पुरतात. विनाकारण वाढवलेला स्नायूंचा भार दांडीवरून न्यावा लागतोच.

उसळीचे व्यायाम, म्हणजे लंगडी उड्या, बाउंडिंग (लांब झेपांची उसळती पावले), ३० ते ६० सेंमी उंचीच्या खोक्यावरून ड्रॉप जंप (खाली उतरताच लगेच वर उसळणे), आठवड्यातून दोनदा आणि मध्ये किमान ४८ तासांचे अंतर ठेवून घ्यावेत. नवख्याला एका सत्रात ६० ते ८० वेळा पाय टेकणे पुरे. ड्रॉप जंपमध्ये टाच आपटू लागली किंवा पाय जमिनीवर रेंगाळला तर खोका उंच आहे. तो खाली आणावा. पूर्ण रन-अपच्या उड्या एका सत्रात १२ ते २०, बहुतेक वैयक्तिक उच्चांकाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर. रोज कमाल उंचीवर दांडी ठेवणाऱ्या प्रशिक्षकाचा खेळाडू चुकीच्याच हालचालीचा सराव करत राहतो.

गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा (स्नायूचा जोर हाडापर्यंत नेणारा चिवट पट्टा) दुखणे ही या खेळाची नेहमीची तक्रार. सकाळी जिना उतरताना तिथे कळ येत असेल तर उसळीचे प्रमाण लगेच कमी करावे. पूर्ण विश्रांतीपेक्षा भिंतीला पाठ टेकवून अर्ध्या बैठकीत ३० ते ४५ सेकंद स्थिर राहणे आणि हळूहळू जड वजनाकडे जाणे कंडऱ्याला जास्त मानवते. ओल्या धावमार्गावर वळणाचा सराव टाळून तो दिवस वजनांना द्यावा.